स्वागताचा दिवा

काकूंनी पुन्हा आकडे दाबले. कुलूप पुन्हा कुईं करून तांबडं झालं.

"माझंच चुकालंय की काय," त्या म्हणाल्या. "केतकी, तू बघ ग जरा."

केतकीने ओढणीला हात पुसले आणि एकेक आकडा सावकाश दाबला. कुईं. तांबडं.

आम्ही तिघी नुकत्याच स्मशानातून परतलो होतो. काकूंचे यजमान, वसंतराव देसाई, यांना त्यांच्या एकुलत्या एक मुलीने, केतकीने, अग्नी दिला होता. मडक्यातलं पाणी तिच्या खांद्यावरून सांडलेलं अजून वाळलं नव्हतं. देसाई बेळगावचे. तिकडचे नातेवाईक दहाव्याला यायचे होते आणि पुण्यात त्यांचं कुणीच नव्हतं, म्हणून मी सोबत गेले होते. मी कोण, तर ज्या कंपनीच्या फ्लॅटमध्ये ते उतरले होते, त्या कंपनीची व्यवस्थापक.

"नयना, आत दिवा आहे ग," काकू म्हणाल्या. "निघताना तेल घातलंय, पण समई लहान आहे. फार वेळ नाही पुरायचं."

"तुम्ही टेका इथे काकू. मी बघते."

टेकणार कुठे? बाणेरच्या त्या टॉवरचा सतरावा मजला, आरशासारखी फरशी, भिंतीवर कुणाला न कळणारं चित्र, आणि बसायला साधं स्टूल नाही. काकू भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या.

आमच्या दारांना किल्ल्या नव्हत्या. कंपनीची ती मोठी फुशारकी होती. पाहुण्याला फोनवर आकडे जायचे, ते दाबले की दार उघडायचं आणि मुक्काम संपला की आकडे आपोआप बाद व्हायचे. पण काकूंचा मुक्काम महिनाअखेरपर्यंत होता. मी फोन उघडून पाहिलं. सतराशे चार, म्हणजे या फ्लॅटच्या पुढे लिहून आलं होतं, 'पाहुणे गेले'. आणि त्याच्या खाली, आकडे कुणी बदलले त्याचं नाव. ऋत्विज.

माझी कानशिलं तापली.

ऋत्विज म्हणजे आमचा मालक. त्याला मालक म्हटलेलं चालायचं नाही. सगळ्यांनी सगळ्यांना नावाने हाक मारायची आणि अरे-तुरे करायचं, असा कंपनीचा दंडक होता. वयाने माझ्यापेक्षा लहान, बोलायला गोड, आणि दर वाक्यात 'आपलेपणा' हा शब्द घालणारा. मोठाल्या टॉवरांमधले फ्लॅट भाड्याने घ्यायचे, झुळझुळीत पडदे आणि कॉफीची यंत्रं लावून सजवायचे आणि कामानिमित्त फिरणाऱ्या बड्या लोकांना द्यायचे, असा आमचा धंदा. 'हॉटेल नव्हे, तुमचंच घर' ही जाहिरात. नाव ठेवलं होतं 'ओवरी'. देवळाच्या आवारात वाटसरूंना टेकायला ओवऱ्या असतात, त्यावरून. परदेशी पाहुणे त्याचा इंग्रजी 'ओव्हरी'सारखा भलताच उच्चार करायचे, तेव्हा आम्ही ऑफिसातल्या बायका एकमेकींकडे बघायचं टाळायचो.

सतराशे चार हा आमचा चेहरा होता. जाहिरातीतले सगळे फोटो तिथलेच. केतकी दुबईला बँकेत होती. वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन पुण्यात करायचं ठरलं तेव्हा तिने हाच फ्लॅट निवडला. आईबाबांची आबाळ नको, दवाखाना जवळ हवा, खिडकीतून टेकडी दिसायला हवी. ऑपरेशन नीट झालं. वसंतराव खिडकीशी बसून टेकडीवरच्या मोरांचे आवाज काढायला लागले. मी गेले की म्हणायचे, "या व्यवस्थापकीणबाई! तुमच्या त्या कॉफीच्या यंत्राला चहा येतो का विचारा की." आणि आदल्या दिवशी पहाटे ते झोपेतच गेले. केतकी दुबईहून पोचली ती रात्री.

काकूंनी आमच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला. तो उचलणाऱ्या पोराने त्यांना विचारलं, "आपली तक्रार कुठल्या विभागात नोंदवू?" मग त्यांनी मला फोन केला.

मी पोचले तेव्हा काकूंनी दिवा लावलेला होता. बेळगावहून पूजेसाठी आणलेली छोटी पितळी समई पलंगाच्या उशाशी जमिनीवर ठेवली होती. वातीचं तोंड दक्षिणेला. स्वयंपाकघरात आम्ही ठेवलेलं ऑलिव्हचं तेल होतं, तेच त्यांनी घातलं. खाली पीठ पसरायला हवं, तर डब्यात निघालं बदामाचं. "असूदे," त्या म्हणाल्या, "त्यांना काय, काहीही चालायचं." ते पीठ पसरून त्यावर त्यांनी आमची स्वागताची फळांची वेताची परडी उपडी घातली होती. मी साताऱ्याची. माझे आजोबा गेले तेव्हा आमच्या माजघरात असाच दिवा, असंच पीठ आणि अशीच पाटी होती. दहा दिवस आजी त्या दिव्याला नजरेआड होऊ देत नव्हती. मी खाली जाऊन तिळाचं तेल आणि तांदळाचं पीठ घेऊन आले.

ऋत्विजला मी तेव्हाच फोनवर कळवलं होतं. त्याचं पहिलं वाक्य आलं ते असं:

"सर्व्हिस लिफ्टने न्या. कुणाला दिसता कामा नये."

स्ट्रेचर तसंही त्याच लिफ्टमध्ये मावणार होतं. पण ज्या माणसाने काल मला चहाबद्दल छेडलं होतं, तो आता 'दिसता कामा नये' अशा वस्तूंत जमा झाला, हे माझ्या मनातून जाईना.

तर आता पॅसेजमध्ये उभी राहून मी त्याला फोन लावला.

"सतराशे चारचे आकडे का बदललेस?"

"नयना! बरं झालं तू तिथेच आहेस." मागे गाडीचा हॉर्न वाजत होता. "अगं, ते लोक कॅमेऱ्यात बाहेर पडलेले दिसले, म्हटलं हीच वेळ आहे. गुंतवणूकवाल्या मॅडम बंगळुरूहून उतरल्यात, आम्ही विमानतळावरून निघालोय. टीम येऊन सामान पॅक करेल. बालेवाडीला टू बेडरूम ठेवलाय त्यांच्यासाठी. अपग्रेड! सांग त्यांना."

"त्या स्मशानातून आल्यात, ऋत्विज."

"हो ना, फार वाईट झालं. म्हणूनच म्हणतोय, नव्या जागेत त्यांनाही बरं वाटेल."

"आत दिवा आहे."

"तोही शिफ्ट करू."

"तो हलवायचा नसतो. माणूस जिथे गेला तिथेच दहा दिवस ठेवतात. आणि विझू द्यायचा नसतो."

"हे बघ, उघडी ज्योत आपल्या पॉलिसीत बसतच नाही. आणि एक. त्या फ्लॅटमध्ये कुणी गेलं, हे वाक्य पुन्हा तोंडातून काढू नकोस. कुणी गेलेलं नाहीये. पाहुण्यांनी चेक-आउट केलंय."

फोन मी कानाला धरला होता, पण त्याचा आवाज पहिल्यापासून मोठा. काकूंनी सगळं ऐकलं होतं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, दाराकडे बघत होत्या.

"तेल," त्या एवढंच म्हणाल्या.

तेवढ्यात समोरचं दार उघडलं. समोर टिपणीसबाई राहायच्या. सोसायटीच्या सेक्रेटरी. आमच्या पाहुण्यांच्या बॅगांच्या चाकांचा आवाज, त्यांचे बूट, त्यांचा कचरा, यांवर त्यांनी लिफ्टमध्ये लावलेल्या सूचना मला पाठ होत्या. 'हा टॉवर आहे, धर्मशाळा नव्हे', ही त्यातली सर्वांत सभ्य. आता ह्या काय बोलणार, म्हणून मी आधीच तोंड उघडलं.

"टिपणीसबाई, पाच मिनिटांत मोकळं करतो आम्ही."

त्यांनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही. काकूंचे अनवाणी पाय, केतकीचा ओला खांदा, एवढं बघितलं आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"कोण गेलं?"

"माझे यजमान," काकू म्हणाल्या.

"ते मोरासारखं ओरडायचे ते?"

काकूंनी मान हलवली. मग त्यांच्या डोळ्यांत पहिल्यांदा पाणी आलं.

"अहो, मग बाहेर का उभ्या तुम्ही? आत या. माझ्याकडे बसा."

"नको हो. मसणातनं आलोय, आंघोळ व्हायचीय. अशा पायांनी तुमच्या घरात नाही यायचं आम्हाला." काकू थांबल्या. "आमच्याच घरात जायचंय. दिवा आहे आत. पण दार उघडीना झालंय."

"उघडत नाही म्हणजे? बिघडलंय?"

"बदललंय," केतकी म्हणाली. "आम्ही बाबांना घेऊन बाहेर पडलो, तेवढ्यात ह्यांच्या साहेबांनी आकडे बदलले. कुणीतरी फ्लॅट बघायला येणार आहे म्हणून."

टिपणीसबाई माझ्याकडे वळल्या. आयुष्यात माझ्याकडे पुष्कळ लोकांनी रागाने बघितलं असेल, पण त्या नजरेतला राग बरोबर होता आणि तो माझ्यावर नव्हता, माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावर होता. मीही त्याच्याकडे बघितलं. 'ओवरी. आपलेपणा.' असं त्यावर छापलेलं होतं.

मागच्या पावसाळ्यात कुलपाची बॅटरी संपून आमचा एक जपानी इंजिनियर नुसत्या टॉवेलवर याच पॅसेजमध्ये अडकला होता. तेव्हापासून मी प्रत्येक कुलपाची अडचणीच्या वेळची, जुन्या पद्धतीची किल्ली करून घेतली होती. ऋत्विज हसला होता. "किल्ल्या? नयना, कुठल्या काळात राहतेस?" मग तो ते विसरूनही गेला. जुडगा माझ्या पर्समध्ये असायचा.

मी किल्ली काढली. नोकरी जाणार हे मला ती फिरवतानाच कळत होतं, आणि खरं सांगायचं तर तेव्हा मला त्याचं काहीच वाटलं नाही. मला फक्त त्या वातीची काळजी होती.

दार उघडलं. पडदे ओढलेले होते. काकू भिंतीला धरत खोलीपर्यंत गेल्या आणि दाराशी थांबल्या.

दिवा होता. वात तळाशी टेकलेली, ज्योत करंगळीच्या नखाएवढी, पण होती.

काकूंनी बाटली उचलली, पण धार नीट धरता येईना, तेल बाहेर सांडायला लागलं. केतकीला रडू आवरेना. तेव्हा टिपणीसबाई आत आल्या, गुडघ्यांना शिव्या घालत खाली बसल्या, काकूंच्या हातातून बाटली घेतली आणि धार लावून समई भरली. ज्योत तटतटली आणि उभी राहिली. काकूंनी तिला हात जोडले. मग केतकीने, मग आम्ही दोघींनी.

"आता आंघोळी करा," टिपणीसबाई म्हणाल्या. "आज तुमच्याकडे चूल पेटायची नाही. पिठलं-भात मी आणते. कडू घास कुणीतरी द्यावाच लागतो ना." त्या उठल्या, 'येते' न म्हणता निघाल्या, आणि दाराशी मला हळूच म्हणाल्या, "तुमच्या साहेबांना सांगा, हे दार आता पुन्हा लागलं तर मी पोलीस बोलावीन. सोसायटीच्या वतीने."

काकू आणि केतकी आंघोळीला गेल्या. मी दिव्यापाशी एकटी बसले होते. सामान पॅक करणारी टीम अजून फिरकली नव्हती. तेवढ्यात बाहेर लिफ्टची घंटी वाजली आणि ऋत्विजचा आवाज पॅसेजभर घुमला.

आकडे न दाबता दार उघडं बघून तो क्षणभर चपापला असणार. पण पाहुण्या मागेच होत्या. त्या पन्नाशीच्या, सुती साडीतल्या, शांत चेहऱ्याच्या बाई होत्या. सोबत टॅब घेतलेला एक माणूस. ऋत्विज बुटांसकट आत आला, बोलत बोलत झोपायच्या खोलीत शिरला आणि मला आणि दिव्याला बघून थांबला.

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला मी पाहिला. आणि तो परत आलेलाही पाहिला. इतक्या झटकन, की मला पुढची कित्येक वर्षं त्याचंच नवल वाटत राहिलं.

"आणि हा," तो इंग्रजीत म्हणाला, "आमचा स्वागताचा दिवा."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली.

"महाराष्ट्रातली फार जुनी पद्धत आहे," तो हात पसरून सांगत होता. "घरी पाहुणा आला की त्याच्या उशाशी दिवा लावतात. तो जाईपर्यंत विझू देत नाहीत. आमच्या नयनाने खास तुमच्यासाठी लावलाय."

बाईंचा चेहरा बदलला. म्हणजे अगदी मऊ झाला. दिवसभर विमानतळ, गाड्या, तक्ते बघून दमलेल्या माणसासमोर कुणी पाण्याचा तांब्या धरावा, तसं काहीसं झालं. त्यांनी चपला काढल्या, पलीकडे गुडघ्यांवर बसल्या आणि फोन काढून एक फोटो घेतला. ऋत्विज दिव्याकडे बघत नव्हता. तो त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होता.

"किती सुंदर," त्या म्हणाल्या. "आणि हे पीठ?"

"समृद्धी," ऋत्विज म्हणाला. "घरात धान्य भरलेलं राहो, असं."

"आणि ही परडी?"

"वारा लागू नये म्हणून."

परडी दिव्यावर नव्हतीच, शेजारी पिठावर होती. पण त्याला तेवढंही बघायची गरज वाटली नव्हती.

"मॅडम," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता आणि मला तो खाली आणायचा नव्हता. "ह्या खोलीत काल पहाटे एक माणूस वारला. वसंतराव देसाई, बेळगावचे. हा दिवा त्यांच्यासाठी आहे. ते जिथे गेले तिथे तो दहा दिवस जळतो. पिठावर परडी घालतात, ती गेलेल्याने पुढे कुठला जन्म घेतला त्याच्या खुणा पिठावर उमटतात अशी समजूत आहे म्हणून. तुमच्यासाठी हा कुणीही लावलेला नाही. उलट, तुम्ही येणार म्हणून त्यांच्या बायकोला आज स्मशानातून आल्यावर दाराबाहेर उभं केलं गेलं."

टॅबवाल्या माणसाने टॅब छातीशी धरला. बाई हळूच उठल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "मला माफ करा," त्या म्हणाल्या. कुणाला ते कळलं नाही.

आणि तेव्हाच काकू आल्या. ओले केस तसेच, पांढरं पातळ, कपाळ मोकळं. त्यांनी खोलीत उभ्या असलेल्या सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती ऋत्विजच्या पायांवर येऊन थांबली. बुटांवर.

"काकू, सॉरी," तो मराठीत म्हणाला. "थोडी कम्युनिकेशन गॅप झाली. तुमच्या सोयीसाठीच—"

"तुमचं कुणी गेलंय का हो, कधी?" काकूंनी विचारलं. आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होत्या.

त्याने बंगळुरूच्या बाईंकडे बघितलं.

"नाही ना? नकोच. सगळे असूदेत." काकू दिव्यापाशी बसल्या. "दहावा झाला की मी जाईन. त्याआधी नाही. आणि ते आकडे पुन्हा बदलायचे नाहीत."

बंगळुरूच्या बाईंनी काकूंसमोर हात जोडले आणि एक शब्द न बोलता निघून गेल्या. काकू त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "ह्यांना कळतंय की." ऋत्विज मात्र त्यांच्यामागे धावताना सवयीने, मोठ्याने म्हणाला, "येतो, काकू!"

मी डोळे मिटून घेतले. सुतकाच्या घरातून निघताना कुणी 'येतो' म्हणत नाही आणि त्या घरचेही 'या' म्हणत नाहीत. पुन्हा अशा कारणाने यायला लागू नये म्हणून. माझ्या साताऱ्यातल्या शाळकरी भाच्यालाही हे ठाऊक होतं.

थोड्या वेळाने तो एकटा परत आला आणि मला पॅसेजमध्ये बोलावलं.

"तुला कळतंय तू काय केलंस? पुढच्या तीन शहरांची बोलणी होती. तीन! दोन मिनिटांत मी ते सावरून घेतलं होतं."

"सावरून घेतलं होतंस?"

"त्यांना आवडलं होतं ते, नयना. तू पाहिलं नाहीस का त्यांचा चेहरा? त्यांना आवडलं होतं!"

मी गळ्यातलं ओळखपत्र आणि किल्ल्यांचा जुडगा त्याच्या हातात दिला. जुडग्यातली सतराशे चारची किल्ली मात्र काढून ठेवून घेतली. "ही दहाव्यानंतर," मी म्हणाले. तो काही बोलणार, तोच समोरचं दार उघडलं आणि टिपणीसबाई पिठल्याचं पातेलं दोन्ही हातांत धरून बाहेर आल्या. त्याला बाजूला व्हावं लागलं.

दहा दिवस दिवा जळला. मी रोज जायचे. टिपणीसबाईही यायच्या आणि तासन्‌तास बसायच्या. बेळगावच्या कुंद्याबद्दल आणि आपल्या कधीच फोन न करणाऱ्या मुलाबद्दल बोलायच्या. दहाव्यानंतर काकूंनी समई पुसली आणि सामानात ठेवली. निघताना त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. आम्ही कुणीच काही म्हणालो नाही.

त्या बंगळुरूच्या बाईंनी कंपनीला काही दिलं नाही, हे मला नंतर कळलं, आणि मी खोटं कशाला सांगू, मला फार आनंद झाला. वाटलं, चला, जगात एवढं तरी ठिकाणावर आहे. मी दुसरीकडे नोकरी धरली आणि 'ओवरी'चं नाव ऐकू आलं की कान बंद करून घ्यायला शिकले. ते ऐकू मात्र पुष्कळ यायचं. दुसरे कुणी देणारे मिळाले होते. शहरं वाढत होती.

गेल्या वर्षी नाशिकला मामेबहिणीच्या मुलीचं लग्न होतं. मुलाकडच्यांनी आम्हा पाहुण्यांची सोय गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये केली होती. कुठल्या, ते मला रिक्षातून उतरेपर्यंत माहीत नव्हतं. दारावरची 'ओवरी'ची पाटी बघून मी मनात म्हटलं, असू दे, एका रात्रीचा प्रश्न आहे. आणि आत गेले.

गणवेशातली एक तरुण मुलगी माझी बॅग घेऊन पुढे झाली. छातीवर नाव, 'मोहिनी'. तिने झोपायच्या खोलीचं दार उघडलं आणि बाजूला उभी राहिली, मला नीट दिसावं म्हणून.

पलंगाच्या उशाशी, जमिनीवर, पितळी समई जळत होती. एकच वात, तोंड दक्षिणेला. खाली पांढरं पीठ गोल पसरलेलं. शेजारी वेताची छोटी परडी, उपडी. वर भिंतीवर चौकटीत ऋत्विजचा फोटो होता. दिव्यासमोर मांडी घालून, डोळे मिटून बसलेला.

"हा आमचा स्वागताचा दिवा," मोहिनी पाठ केलेलं म्हणू लागली. "आपल्याकडे पाहुणा आला की त्याच्या उशाशी दिवा लावायची जुनी परंपरा आहे. हे पीठ समृद्धीचं—"

"मोहिनी," मी म्हणाले, "गाव कुठलं तुझं?"

"निफाडकडची मी, मॅडम."

"तुमच्या घरात असा दिवा कधी लावला होता?"

तिने मागे वळून दाराकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाली, "आजोबा वारले तव्हा."

"मग?"

"मी सांगितलं ना ट्रेनिंगमध्ये. म्हटलं सर, आमच्याकडं असा दिवा मयताला लावत्यात. मराठी मुली सगळ्याच बोलल्या. तर ते हसले. म्हणे जे लिहून दिलंय तेच बोलायचं, पाहुण्यांना लई आवडतं." तिने वाकून वात सारखी केली. "दर खोलीत लावतो मॅडम. पाहुणा गेला की विझवायचा, नवा आला की परत लावायचा. मला रोज कसंतरी होतं. घरी आईला नाही सांगितलं अजून."

मी उभीच होते. इतक्या वर्षांचा राग असा एकदम वर आला की मला घाम फुटला. खरं त्याच्यासमोर, पाहुण्यांसमोर, मोठ्याने सांगून झालं होतं. तरी त्याने त्यातून काय उचललं? एका बाईचा मऊ झालेला चेहरा. आणि त्या चेहऱ्यासाठी आता कुठल्या कुठल्या शहरांत, किती अनोळखी माणसांच्या उशाशी हा दिवा रोज पेटत होता. लोक त्याचे फोटो काढत होते आणि त्याच्या शेजारी शांत झोपत होते.

"विझवू का, मॅडम?" मोहिनीने विचारलं. माझ्या चेहऱ्यावरून तिला तसं वाटलं असावं.

माझा हात पुढे झाला होता. मला तो दिवा, ती परडी, तो फोटो, सगळं लाथेने उडवून द्यायचं होतं. पण हात मध्येच थांबला. कशासाठीही लावलेला असो, होता तो तोच दिवा.

"राहू दे," मी म्हणाले. "विझवू नकोस."

मी चपला काढल्या, समोर बसले आणि हात जोडले. मोहिनी बघत राहिली. मग तीही खाली बसली.

"हा दिवा ज्यांचा, त्यांचं नाव वसंतराव देसाई," मी तिला सांगितलं. "बेळगावचे. खिडकीत बसून मोराचा आवाज काढायचे. हा खोटा दिवा पहिल्यांदा त्यांच्याच दिव्यावरून घेतला. रोज लावावाच लागत असेल, तर त्यांचं नाव घेऊन लावत जा."

तिने मान हलवली. ओठांनी ते नाव एकदा म्हणून बघितलं.

बॅग मी उघडलीच नव्हती. ती उचलली आणि दाराकडे निघाले. मोहिनी घाईने पुढे आली, हात जोडून, शिकवल्याप्रमाणे हसून म्हणाली, "पुन्हा या—"

आणि शब्द तोंडातच धरून थांबली. तिचे हात तसेच जोडलेले राहिले.

मी चपला घातल्या आणि 'येते' न म्हणता निघाले.